ब्रेक पॅड

ब्रेक पॅड हा डिस्क ब्रेक असलेल्या वाहनांमधील घर्षण निर्माण करणारा भाग आहे. पोलादी पाठपट्टी आणि तिच्यावर घट्ट बसवलेला घर्षणद्रव्याचा थर अशी त्याची रचना असते. चालकाने ब्रेकचे पेडल दाबले की चाकासोबत फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी एकेक पॅड आवळून धरतो आणि वाहनाचा वेग कमी होतो. प्रत्येक वापरात घर्षणद्रव्याचा अल्पसा अंश झिजतो. त्यामुळे ब्रेक पॅड हा वाहनाच्या आयुष्यात अनेकदा बदलावा लागणारा भाग ठरतो. बऱ्याच मोटारींचे पुढील चाकांचे पॅड साध्या हत्यारांच्या साहाय्याने घरी बदलता येतात. मात्र झिजलेला पॅड वेळेवर न बदलणे आणि नवा पॅड चुकीच्या रीतीने बसवणे या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात.

कार्यतत्त्व

धावत्या वाहनाची गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये घर्षणामुळे उष्णतेत रूपांतरित होते व ती उष्णता तबकडीमार्फत हवेत विरून जाते. १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असल्यास तिची गतिज ऊर्जा सुमारे २०० किलोजूल असते. एवढ्या उष्णतेने सामान्य तापमानाचे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी उकळबिंदूपर्यंत तापू शकते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग दुप्पट झाल्यास ब्रेकवर पडणारा उष्णतेचा भार चौपट होतो.

पेडलवरील दाब मास्टर सिलिंडरमधून ब्रेकच्या द्रवामार्फत चाकाजवळील कॅलिपरपर्यंत पोहोचतो. या द्रवाला बोलीभाषेत ब्रेक ऑइल म्हणतात. कॅलिपरमधील दट्ट्या पुढे सरकून आतील पॅड तबकडीवर दाबतो. लहान व मध्यम मोटारींमध्ये बहुधा तरंगता कॅलिपर असतो. त्यात दट्ट्या एकाच बाजूला असून संपूर्ण कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवर सरकतो व बाहेरील पॅडही तबकडीकडे ओढून घेतो. पेडल सोडल्यावर दट्ट्याभोवतीचे रबरी कडे मूळ आकारात परतते आणि दट्ट्या किंचित मागे येतो.

पॅड जसजसा झिजतो, तसतसा दट्ट्या कॅलिपरमधून थोडा थोडा बाहेर येऊन ती झीज आपोआप भरून काढतो. यामुळे पेडलच्या जाणिवेत फारसा फरक पडत नाही. जवळजवळ संपलेला पॅडही नेहमीच्या वापरात नव्यासारखाच ब्रेक लावतो. चालकाला झीज जाणवत नसल्यामुळेच पॅडची ठरावीक काळाने प्रत्यक्ष पाहणी करणे आवश्यक असते.

इतिहास

इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे एकस्व घेतले. त्यांच्या रचनेत तबकडीवर तांब्याचे अस्तर दाबले जात असे व त्यातून कर्कश आवाज होई. घर्षणासाठी स्वतंत्र पदार्थ विकसित करण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते. हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ पासून इंग्लंडमध्ये ब्रेकच्या अस्तरांवर प्रयोग केले. पुढे त्यांच्या आडनावातील अक्षरांची फिरवाफिरव करून ‘फेरोडो’ हे व्यापारी नाव तयार झाले. विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉसचा वापर होत असे, कारण ते उष्णता सहन करणारे, मजबूत आणि स्वस्त होते.

मोटारींमध्ये डिस्क ब्रेकचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. १९५३ च्या ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेली जॅग्वार सी-टाइप विजयी झाली. दीर्घकाळ वेगाने धावूनही हे ब्रेक ड्रम ब्रेकच्या तुलनेत लवकर थंड होत होते. १९५५ मध्ये सादर झालेल्या सिट्रोएन डीएस या फ्रेंच मोटारीत पुढील चाकांना डिस्क ब्रेक देण्यात आले व मोठ्या प्रमाणावर उत्पादित होणाऱ्या मोटारींत त्यांचा वापर रूढ होऊ लागला. भारतातील अनेक लहान मोटारींमध्ये पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक अशी रचना आढळते. ड्रम ब्रेकमध्ये पॅडऐवजी अर्धवर्तुळाकार ब्रेक शू असतात.

घर्षणद्रव्याचे प्रकार

ॲस्बेस्टॉसविरहित सेंद्रिय पॅड: यात विविध तंतू, रबर, खनिजे व बांधून ठेवणारी राळ असते. हे पॅड कमी आवाज करतात व तबकडी कमी झिजवतात. अति उष्णतेत मात्र त्यांची पकड तुलनेने लवकर कमी होते.

अर्धधातवीय पॅड: यात पोलादी तंतू, लोखंडाची भुकटी यांसारख्या धातूंचे प्रमाण मोठे असते. ते उष्णता चांगली वाहून नेतात व जड वापरात टिकतात. आवाज, काळी धूळ व तबकडीची झीज मात्र अधिक होते.

सिरॅमिक पॅड: यात सिरॅमिक तंतूंचा वापर असतो. धूळ फिकट रंगाची व कमी चिकटणारी असते, आवाज कमी असतो आणि किंमत बहुधा अधिक असते.

बदली पॅड निवडताना वाहननिर्मात्याने सांगितलेला प्रकार व आकार पाळला जातो. युरोपमध्ये विक्रीस येणाऱ्या बदली पॅडना संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ९० नुसार मान्यता लागते.

झीज व तिची लक्षणे

नव्या पॅडवरील घर्षणद्रव्याची जाडी मोटारीनुसार साधारणतः १० ते १२ मिलिमीटर असते. ती सुमारे ३ मिलिमीटरवर आली की पॅड बदलण्याची शिफारस सामान्यतः केली जाते. नेमकी मर्यादा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेली असते. मोजताना पोलादी पाठपट्टीची जाडी धरली जात नाही. ब्रेक लावताना वाहनाचा भार पुढील चाकांवर झुकतो, म्हणून पुढील पॅड सहसा मागील पॅडपेक्षा लवकर झिजतात. शहरातील वाहतूक कोंडी, घाटरस्ते, जास्त भार आणि वारंवार जोरात ब्रेक लावण्याची सवय यांमुळे पॅडचे आयुष्य घटते.

झिजलेल्या पॅडची प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत:

किंचाळल्यासारखा बारीक आवाज: अनेक पॅडना पोलादाची लहान वाकडी पट्टी जोडलेली असते. घर्षणद्रव्य ठरावीक मर्यादेपर्यंत झिजले की ही पट्टी तबकडीला घासून आवाज करते. काही मोटारींमध्ये त्याऐवजी विद्युत संवेदक असतो व तो चालकासमोरील दिवा लावतो.

खरखरीत घासण्याचा आवाज: घर्षणद्रव्य पूर्ण संपून पाठपट्टी थेट तबकडीवर घासत असल्याचे हे लक्षण असू शकते. अशा अवस्थेत थांबण्याचे अंतर वाढते व तबकडीवर खोल चरे पडतात.

ब्रेक ऑइलची पातळी खाली जाणे: दट्ट्या बाहेर आल्यामुळे द्रवाचा काही भाग कॅलिपरमध्ये उतरतो. पातळी कमी दिसताच वरून द्रव ओतून ती भरली, तर झिजलेल्या पॅडची सूचना देणारे एक चिन्ह झाकले जाते. पातळी झपाट्याने घटत असल्यास मात्र गळतीची शक्यता असते.

गाडी एका बाजूला ओढली जाणे: एका बाजूचा दट्ट्या किंवा सरकती पिन अडकल्यास दोन्ही चाकांवरील ब्रेकचा जोर असमान होतो. एकाच कॅलिपरमधील दोन पॅडच्या जाडीत मोठा फरक आढळल्यासही हीच शंका घेतली जाते.

पूर्वतयारी

पॅड नेहमी एकाच आसावरील दोन्ही चाकांचे एकत्र बदलले जातात. एकाच चाकाचे बदलल्यास डाव्या व उजव्या बाजूची पकड वेगळी होऊन जोरात ब्रेक लावताना वाहन वळण्याचा धोका असतो.

या कामासाठी जॅक, जॅक स्टँड, चाकाचा पाना, कॅलिपरच्या बोल्टच्या मापाचे पाने, टॉर्क पाना, क्लॅम्प, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर, ब्रेकसाठीचे उष्णतारोधक ग्रीस, तार, हातमोजे, संरक्षक चष्मा व मुखपट्टी लागते. वाहन सपाट व टणक जमिनीवर उभे केले जाते. मातीच्या किंवा उताराच्या जागेवर जॅक खचू अथवा घसरू शकतो. ब्रेक थंड झाल्यावरच कामास सुरुवात केली जाते.

वाहनासोबत मिळणारा जॅक केवळ गाडी उचलण्यासाठी असतो. उचललेली गाडी जॅक स्टँडवर टेकवल्याशिवाय तिच्यावर काम करणे धोक्याचे आहे. विटा किंवा दगड अचानक फुटू शकतात, म्हणून स्टँडऐवजी त्यांचा आधार घेऊ नये.

बदलण्याची पद्धत

पुढील वर्णन तरंगता कॅलिपर असलेल्या पुढील चाकांना लागू पडते. तपशील व बोल्ट आवळण्याची मापे मोटारीनुसार बदलतात.

१. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवली जाते. स्वयंचलित गाडीत पार्किंगची स्थिती वापरतात. मागील चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावले जातात. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट किंचित सैल केले जातात.

२. निर्मात्याने ठरवून दिलेल्या जागी जॅक लावून गाडी उचलतात व जॅक स्टँडवर टेकवतात. त्यानंतर चाक काढले जाते. कॅलिपरपर्यंत हात सहज पोहोचावा म्हणून स्टिअरिंग एका बाजूला वळवले जाते.

३. ब्रेक ऑइलची टाकी तपासली जाते. ती काठोकाठ भरलेली असल्यास दट्ट्या मागे ढकलताना द्रव बाहेर सांडतो. म्हणून आधीच थोडा द्रव स्वच्छ साधनाने काढून घेतात. हा द्रव रंगावर सांडल्यास रंग खराब होतो. सांडलेली जागा लगेच भरपूर पाण्याने धुतली जाते.

४. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वरच्या पिनेभोवती वर फिरवला जातो. काही मोटारींत दोन्ही बोल्ट काढावे लागतात. अशा वेळी कॅलिपर तारेने टांगून ठेवला जातो. तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवल्यास नळीच्या आतील थरांना इजा होते व ती बाहेरून दिसतही नाही.

५. जुने पॅड काढताना त्यांची जागा, दिशा आणि झीज दर्शवणाऱ्या पट्टीचे स्थान लक्षात ठेवले जाते. एका बाजूचे काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या बाजूचे चाक खोलले नाही, तर मूळ जुळणी पाहण्यास नमुना उपलब्ध राहतो.

६. तबकडी तपासली जाते. खोल चरे, तडे, निळसर डाग किंवा काठावर उंच कंगोरा असल्यास ती दुरुस्त करावी अथवा बदलावी लागते. वापरास योग्य अशी किमान जाडी बहुधा तबकडीवरच कोरलेली असते. त्यापेक्षा पातळ तबकडी उष्णता सामावू शकत नाही व तिला तडे जाण्याचा धोका असतो.

७. दट्ट्याभोवतीचे रबरी आवरण फाटलेले नाही व कोठेही ओलावा नाही याची खात्री करून, जुना पॅड मध्ये ठेवून क्लॅम्पने दट्ट्या सावकाश मागे ढकलला जातो. दट्ट्या अडखळत असल्यास कॅलिपरची दुरुस्ती आवश्यक ठरते.

८. सरकत्या पिना बाहेर काढून पुसल्या जातात व त्यांना ब्रेकसाठीचे ग्रीस लावले जाते. पॅड ज्या खाचांत बसतो त्या खाचा तारेच्या ब्रशने साफ केल्या जातात. पॅडसोबत नव्या क्लिपा आल्या असल्यास त्या बसवल्या जातात.

९. नवे पॅड घर्षणद्रव्याची बाजू तबकडीकडे ठेवून बसवले जातात. घर्षणाच्या पृष्ठभागाला किंवा तबकडीला ग्रीस अथवा तेल लागू दिले जात नाही. नव्या तबकडीवर गंजरोधक तेलाचा थर असल्यास तो ब्रेक क्लीनरने काढला जातो.

१०. कॅलिपर खाली आणून बोल्ट ठरवून दिलेल्या मापाने आवळला जातो. चाक बसवून गाडी खाली घेतल्यावर चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळले जातात.

११. दुसऱ्या बाजूचे कामही याच क्रमाने पूर्ण झाल्यावर, गाडी सुरू करण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबले जाते. मागे ढकललेला दट्ट्या आणि पॅड यांच्यात पोकळी राहिलेली असते. ती भरली नाही, तर पहिल्या वेळी पेडल तळाला जाते व गाडी थांबत नाही. त्यानंतर द्रवाची पातळी पाहून टाकीचे झाकण बंद केले जाते.

नवे पॅड बसणे

नवा पॅड व तबकडी यांचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळण्यास थोडा वापर लागतो. रिकाम्या व सुरक्षित रस्त्यावर मध्यम वेगावरून हळूहळू वेग कमी करण्याची क्रिया अनेकदा केली जाते व प्रत्येक वेळी ब्रेकला थंड होण्यास अवधी दिला जातो. या क्रियेत घर्षणद्रव्याचा पातळ व समान थर तबकडीवर चढतो. याविषयी पॅडनिर्मात्याची सूचना असल्यास तीच पाळली जाते. सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये अत्यंत जोरात ब्रेक लावणे, शक्य असेल तेथे, टाळले जाते. या काळात थांबण्याचे अंतर नेहमीपेक्षा जास्त असू शकते.

घरी करण्याच्या मर्यादा

मागील चाकांच्या अनेक कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा दट्ट्यातच असते. असा दट्ट्या सरळ ढकलता येत नाही. तो विशेष साधनाने फिरवत आत न्यावा लागतो. विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक असलेल्या मोटारीत निर्मात्याने सांगितलेल्या रीतीने यंत्रणा आधी देखभाल स्थितीत आणावी लागते व त्यासाठी अनेकदा संगणकीय साधन लागते. तसे न करता दट्ट्या दाबल्यास मोटर बिघडते. द्रवाची गळती, अडकलेला दट्ट्या, फुगलेली नळी किंवा पेडल स्पंजसारखे दबणे यांपैकी काहीही आढळल्यास केवळ पॅड बदलणे पुरेसे नसते व प्रशिक्षित तंत्रज्ञाची गरज भासते. काम पूर्ण झाल्यावरही पेडल मऊ राहिल्यास गाडी रस्त्यावर नेऊ नये.

घाटरस्ते व ब्रेकची क्षीणता

लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास पॅड व तबकडी प्रमाणाबाहेर तापतात आणि घर्षणद्रव्याची पकड तात्पुरती कमी होते. या अवस्थेत पेडल घट्ट लागते, परंतु गाडीचा वेग पुरेसा कमी होत नाही. उष्णता द्रवापर्यंत पोहोचून तो उकळल्यास त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल तळाला जाते. ब्रेकचा द्रव हवेतील आर्द्रता शोषून घेतो व त्यामुळे त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट ४ प्रकारच्या नव्या द्रवाचा किमान उकळबिंदू २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या द्रवासाठी ही मर्यादा १५५ अंश असते. म्हणून पॅड नवे असले तरी जुना द्रव ठरावीक मुदतीत बदलावा लागतो.

सह्याद्रीतील बोरघाट, कसारा किंवा आंबोली यांसारख्या घाटांत उतरताना खालचा गिअर वापरून इंजिनाच्या साहाय्याने वेग रोखल्यास पॅडवरील भार बराच कमी होतो. इंजिन बंद करून उतरल्यास हा आधार तर नाहीसा होतोच, शिवाय पेडलला बळ देणारी निर्वात यंत्रणाही काही वेळा ब्रेक दाबल्यानंतर निकामी होते.

आरोग्य व पर्यावरण

ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास ॲस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे विकार होतात. त्यांची लक्षणे अनेक दशकांनी दिसू शकतात. ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली, तर युरोपीय संघात २००५ पासून ही बंदी पूर्णपणे लागू झाली. जुन्या वाहनांतील किंवा माहिती न दिलेल्या पॅडमध्ये कोणता पदार्थ आहे हे नुसते पाहून कळत नाही. त्यामुळे ब्रेकची धूळ तोंडाने किंवा दाबाच्या हवेने उडवू नये. ती ब्रेक क्लीनरने ओली करून पुसली जाते व वापरलेले फडके पिशवीत बंद करून टाकले जाते.

ॲस्बेस्टॉसच्या जागी आलेल्या पदार्थांपैकी तांबे पावसाच्या पाण्याबरोबर नद्यांमध्ये जाऊन जलचरांना घातक ठरते. या कारणाने अमेरिकेतील कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये पॅडमधील तांब्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने घटवणारे कायदे केले. युरोपीय संघाच्या २०२४ मधील युरो ७ नियमांत ब्रेकमधून बाहेर पडणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घालण्यात आली.

विजेवर चालणाऱ्या मोटारींमध्ये वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते व त्यातून वीज परत मिळवली जाते. त्यामुळे पॅड अधिक काळ टिकतात. मात्र वापर कमी झाल्याने तबकडीवर गंज चढणे व सरकत्या पिना अडकणे अशा तक्रारी, विशेषतः दमट व किनारी हवामानात, उद्भवू शकतात. म्हणून या मोटारींमध्येही पॅडची नियमित पाहणी आवश्यक असते.